सातपुड्यात सुट्टे: होळीच्या आठवड्यातले पाच दिवस

माझ्या भाच्याकडे पाकीट नाही. हरवलंय असं नाही, बावीस वर्षांत त्याने ते कधी घेतलंच नाही. फोन, फोनच्या कव्हरमध्ये एक कार्ड, संपलं. मी नाशिकला एका सहकारी बँकेत एकोणीस वर्षं कॅश काउंटरवर बसते, त्यामुळे हे मला जरा लागतंच. यंदा सातपुड्यातल्या काठी गावची होळी बघायला जायचं ठरलं तेव्हा तो म्हणाला, "मावशी, अख्ख्या ट्रिपमध्ये एकाही नोटेला हात न लावता फिरून दाखवतो." हरला तर वर्षभर आमच्याकडच्या पुरणपोळ्या त्याने लाटायच्या. मी पर्समध्ये आठ हजार घेतले, त्यातले दोन हजार दहा, वीस आणि पन्नासच्या नोटांत. बँकेत असण्याचा फायदा तो एवढाच.

दिवस पहिला: नाशिक ते नंदुरबार

एसटीच्या कंडक्टरकडच्या मशीनवर आता क्यूआर कोड येतो. गाडी स्टँडमधून हलायच्या आत भाच्याने स्कॅन केलं आणि तिकीट हातात घेऊन माझ्याकडे असं बघितलं की बास. माझं तिकीट अर्धं (मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत निम्मं भाडं आहे), ते मी रोखीत काढणार म्हणून हट्ट धरला. पाचशेची नोट पुढे केल्यावर कंडक्टर म्हणाले, "सुट्टे नाहीत ताई. मागे लिहून देतो, उतरताना घ्या." उतरताना मी विसरले नाही, पण पहिला डाव भाच्याचा.

नंदुरबार आल्याचं आधी नाकाला कळतं. मिरचीचा हंगाम सरत आला होता, तरी गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडली होती आणि वाऱ्याची झुळूक आली की रिक्षावाल्यासकट सगळे शिंकत होते. रात्री शेवभाजी आणि कळण्याची भाकरी. तर्री बघूनच मी पाण्याचा तांब्या जवळ ओढला. खानावळीत फोनवर पैसे गेले, बाहेरच्या पानवाल्याकडेही गेले. भाचा फुशारला.

आणि अडलं ते लॉजवर. काउंटरवर क्यूआरचा स्टँड होता, पण त्याच्यावर कालनिर्णय टेकवलेलं. मालक म्हणाले, "ते बंद केलं. रोख द्या." कोण्या गिऱ्हाइकाने खोलीचे नऊशे रुपये ऑनलाइन दिले, ते पैसे म्हणे कुठल्याशा फसवणुकीतले निघाले आणि दूरच्या राज्यातल्या पोलिसांच्या पत्रावरून यांचं अख्खं खातं गोठवलं. चार महिने हेलपाटे. "शिवाय बंगळुरूचं वाचलं ना?" म्हणाले. वाचलं होतं. जुलै २०२५ मध्ये तिथल्या छोट्या दुकानदारांना यूपीआयवरच्या उलाढालीवरून जीएसटीच्या नोटिसा आल्या आणि लोकांनी दुकानावरचे क्यूआर काढून 'फक्त रोख' अशा पाट्या लावल्या होत्या. पुढच्याच महिन्यात देशभरातल्या यूपीआय व्यवहारांच्या संख्येने महिन्याला दोन हजार कोटींचा आकडा ओलांडला. दोन्ही बातम्या खऱ्याच. डोंगरात अडेल म्हणून मी नोटा आणल्या होत्या, पहिली सुटली ती जिल्ह्याच्या गावात.

टीप: खोली घेण्याआधीच विचारा की पैसे कसे घेता. आणि नंदुरबार, शहादा सोडायच्या आधी एटीएममधून जे काढायचं ते काढा. पुढे एटीएम आहेत, पण सणाच्या आठवड्यात त्यांच्यात पैसे असतीलच असं नाही.

दिवस दुसरा: प्रकाशा, शहादा, टेंभली

सकाळी प्रकाशाला तापी आणि गोमाईचा संगम. सात वाजता घाटावर गारवा, नऊला दगड तापलेले. याला दक्षिण काशी म्हणतात. एका छोट्या देवळाच्या दानपेटीला क्यूआर चिकटवला होता आणि त्याच्यावर कुणीतरी भक्तिभावाने कुंकू लावून ठेवलं होतं, त्यामुळे तो स्कॅन होईना. भाच्याने रुमालाने पुसायला हात पुढे केला तो मी धरला.

मग शहादा, आणि तिथून रिक्षाने टेंभली. तिथे बघण्यासारखं काय आहे, असं रिक्षावाल्याने तीनदा विचारलं. काहीच नाही. पण माझ्या धंद्यातल्या माणसाने एकदा तरी जावं असं ते गाव आहे. २९ सप्टेंबर २०१० ला देशातले पहिले आधार क्रमांक या गावात दिले गेले, तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग स्वतः आले होते. आज आम्ही काउंटरवर "आधार लिंक आहे का?" हे वाक्य दिवसातून शंभरदा म्हणतो, त्याची सुरुवात या कडुनिंबांखाली झाली.

गावात किराणा दुकानाच्या फळीवर बसलो. भाच्याने बिस्किटं घेतली, खोक्यातून आवाज आला, "वीस रुपये मिळाले." तेवढ्यात एक म्हातारी आली, तेल आणि चहापत्ती घेतली आणि काही न देता निघाली. दुकानदाराने तो बोलका खोका उचलला, त्याच्याखाली ठेवलेली लांबट वही काढली, तिच्या नावापुढे ६५ लिहिले, वही जागेवर, खोका वहीवर. मी विचारलं, "ऑनलाइन किती, रोख किती?" तो हसला. "ताई, निम्मं तर वहीतच शे." मजुरी सुटली किंवा कापूस विकला की वही मिटते. मी रोख आणि ऑनलाइन या दोनच रकान्यांत विचार करत होते, तिसरा रकाना माझ्या समोर खोक्याखाली दबला होता.

दिवस तिसरा: तोरणमाळ

शहाद्याहून म्हसावद, राणीपूर आणि मग घाट. एसटीत खिडकी मिळाली तर डावं-उजवं बघू नका, सगळीकडे दरीच आहे. वर यशवंत तलावाच्या काठी वारा असा की मार्चमध्ये शाल काढली. सीताखाईला पाणी नव्हतं, पण दरीचा कातळ बघत तासभर गेला. मोहाची पहिली फुलं पडायला लागली होती. सकाळी उठून बायका-पोरं टोपल्या घेऊन झाडाखाली वाकलेली दिसत होती.

एका झोपडीवजा हॉटेलात जेवलो. मालकीण पन्नाशीच्या, चुलीवर मक्याची भाकरी, उडदाची डाळ, तळलेली मिरची, वर चहा. दोघांचे १८० रुपये. खांबाला क्यूआर टांगलेला बघून भाच्याचा चेहरा खुलला. ताई म्हणाल्या, "त्या दगडावर जाऊन करा. आठे टॉवर नही शे, तथे एक कांडी येस." पन्नास पावलांवरच्या दगडावर तो उभा राहिला, फोन वर केला, चक्र फिरत राहिलं. त्याच्या खात्यातून पैसे वजा झाले, पण खाली 'प्रलंबित'.

इथला बोलका खोका म्हणजे त्यांचा मुलगा. तो सुरतला कामाला आहे, क्यूआर त्याच्या खात्याचा. गिऱ्हाइकाने पैसे टाकले की त्याच्या फोनवर मेसेज जातो, मग तो आईला फोन करून सांगतो, "आई, ऐंशी आले." आईचा साधा फोन त्याच दगडावर, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेला. मी म्हटलं, मग तुम्हाला पैसे कधी मिळतात? "तो होळीला येतो, दिवाळीला येतो, तेव्हा देतो." थोडं थांबून म्हणाल्या, "भाकरी मी थापते, पैसा सुरतले जास."

मुलाचा फोन काही आला नाही. मी पर्स उघडली तर ताईंनी हात आडवा केला. "त्याचे गेलेत ना? मग येतील. दोनदा कशाला?" भाचा तिसऱ्यांदा स्क्रीन दाखवत होता. त्या स्क्रीनकडे बघतही नव्हत्या.

टीप, आणि ही बँकवालीची आहे: पैसे वजा झाले आणि समोर पोचले नाहीत तर घाबरू नका, लगेच पुन्हा पाठवूही नका. माणसाच्या खात्यावर पाठवलेले असतील तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे दुसऱ्या दिवसापर्यंत, दुकानदाराच्या व्यापारी खात्यावर असतील तर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. नाही आले तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. व्यवहाराचा क्रमांक जपून ठेवा. इंटरनेट नसेल तर स्टार ९९ हॅश डायल करूनही पाच हजारांपर्यंत पाठवता येतात, पण ते सगळ्या कंपन्यांच्या सिमवर चालत नाही आणि टॉवर तर त्यालाही लागतोच.

दिवस चौथा: धडगावचा भोंगऱ्या

होळीच्या आधीच्या आठवड्यात सातपुड्यातल्या गावोगावच्या आठवडे बाजाराला भोंगऱ्या बाजार म्हणतात. आम्ही क्रुझरने धडगावला आलो. बाराच्या गाडीत किती होतो ते मोजायचं मी मध्येच सोडलं. भाडं रोख. ड्रायव्हरच्या मांडीवर नोटांची चळत, बोटांमध्ये उभ्या दुमडलेल्या दहा, वीस, पन्नास अशा वेगवेगळ्या. मी इतक्या वर्षांत एवढा वेगवान कॅशियर बघितला नाही.

गावात शिरताच ढोल. साखरेचे हार-कडे, डाळ्या, खजूर, गुळाची जिलेबी, घुंगरं, गॉगल. गुजरातेत ऊसतोडीला आणि शेतावर गेलेली माणसं होळीला घरी येतात, खिशात हंगामाची कमाई असते. ती कपड्यात जाते आणि त्याहून जास्त चांदीत. पावसाळ्यात घरात दाणे संपले की चांदी गहाण पडते, होळीला सुटते किंवा नवी येते. त्यांची बँक ती.

एका सराफाच्या दुकानात ओट्यावर टेकले. दोघं भाऊ आले. थोरल्याने कमरेची तंबाखूची पिशवी सोडली, आतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या पाचशेच्या नोटा काढल्या. घामाने एकमेकींना चिकटलेल्या. एकेक सोलून त्याने गादीवर ठेवली, सराफाने मोजली, त्याने परत मोजली. चांदीचा भाव यंदा इतका चढलाय की आईसाठी घ्यायचे कडे त्यात बसेनात, तीन हजार कमी पडले. तेव्हा धाकटा पुढे झाला. नवा शर्ट, केसांना रंग, फोन काढला. मुकादमाने त्याची उचल फोनवर पाठवली होती. स्कॅन केलं. चक्र. पुन्हा केलं. चक्र. सराफ म्हणाले, "बाजारात हजारो माणूस आलं की टॉवर दमतो बाबा. कडे बाजूला ठेवतो, संध्याकाळी गर्दी उतरली की ये." थोरल्याने धाकट्याकडे जे पाहिलं ते माझ्या भाच्यानेही पाहिलं आणि फोन खिशात घातला.

दुकानाबाहेर छत्रीखाली एका पोराने टेबल टाकलं होतं. त्याच्यावर फोन आणि अंगठ्याचं यंत्र, समोर बायकांची रांग. लाडक्या बहिणीचे महिन्याचे पंधराशे खात्यात येतात ते ऑगस्ट २०२४ पासून, पण हातात घ्यायचे तर बँक गाठायची किंवा हे टेबल. आधार क्रमांक सांगायचा, बँकेचं नाव सांगायचं, अंगठा टेकवायचा, पोरगा गल्ल्यातून नोटा देतो. एका वेळी दहा हजारांपर्यंत.

एका बाईंचा अंगठा लागेना. मी जवळ जाऊन बघितला. रेषाच नाहीत, कुऱ्हाडीच्या दांड्यासारखा गुळगुळीत. पोरगा म्हणाला, केसांत घासा. त्यांनी तेलकट केसांतून अंगठा फिरवला. नाही. मधलं बोट? नाही. डावा अंगठा लागला आणि यंत्रावर आलं, शिल्लक ४० रुपये. बाई ओरडल्या नाहीत, नुसत्या उभ्या राहिल्या. दोन महिन्यांचे पैसे यायला हवे होते.

इथे मला राहवलं नाही. विचारलं, दुसरं खातं आहे का कुठे? नाही म्हणाल्या. मागच्या बाईने आठवण करून दिली, अगं, तो कॅम्प झाला होता शाळेत, फोटो काढला होता. आधारने येणारा सरकारी पैसा खाते क्रमांक बघत नाही. आधार सर्वात शेवटी ज्या बँकेशी जोडलं, त्या बँकेत जातो. पोराने यादीतली दुसरी बँक निवडली, नाही. तिसरी निवडली. तीन हजार दोनशे. रांगेतल्या बायका हसल्या, बाईंनी पदर तोंडाला लावला.

पोराने तीन हजार मोजून दिले आणि त्यातले तीस ठेवून घेतले. नियमाने गिऱ्हाइकाकडून काही घ्यायचं नसतं, त्याला बँक कमिशन देते. मी ते बोलले. तो म्हणाला, "मॅडम, यांची बँक इथून किती लांब आहे?" जाऊन-येऊन गाडीभाडंच शंभराच्या वर, वर मजुरी बुडते ती वेगळी. मी गप्प बसले. गप्प बसले याचा नंतर रागही आला, पण त्या बाई तीस रुपयांबद्दल काही बोलल्या नव्हत्या, मी कोण?

रात्री हिशेब करताना भाचा म्हणाला, "पण पैसा तर फोनवरच आला ना इथपर्यंत." आला खरा, मंत्रालयातून थेट सातपुड्यात, मधे कोणी हात न लावता. मग छत्रीखाली त्याच्या नोटा झाल्या. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी झाली तेव्हा मी काउंटरवर रात्री अकरापर्यंत बसले आहे. तेव्हा देशात होत्या त्याच्या दुप्पट किमतीच्या नोटा आज फिरतायत आणि फोनवरचे व्यवहारही वाढतायत. धडगावच्या एका टेबलाशी अर्धा तास उभी राहिल्यावर मला त्यात विसंगती वाटेनाशी झाली.

दिवस पाचवा: मोलगी आणि काठी

मोलगी आमचुराचं गाव, पण त्याला अजून अवकाश होता. कैऱ्या लहान होत्या. एका व्यापाऱ्याच्या पेढीवर पाणी प्यायला थांबलो. हंगामात तो पैसे रोखच देतो, कारण आमचूर घेऊन येणारी बाई त्याच पैशाने समोरच्या दुकानात मीठ-तेल घेऊन परत डोंगर चढणार असते. स्वतः मात्र तो मुंबईच्या व्यापाऱ्याकडून पै न पै खात्यावर घेतो. म्हणजे शंभर पावलांच्या बाजारात रोकड कुठे सुरू होते हे बोट ठेवून दाखवता येईल. त्याच्या गादीच्या कडेला.

टीप: मोलगीत पोटभर खाऊन घ्या, पाणी भरून घ्या, टॉर्च हवाच. होळीच्या रात्री काठीला गाड्या बऱ्याच अलीकडे थांबवतात.

काठीची राजवाडी होळी पहाटे पेटते, त्यामुळे रात्रभर जागरण. फोनची बॅटरी दहा वाजता संपली आणि भाच्याने ती गोष्ट मला बाराला सांगितली. पॉवर बँक? ती लॉजवर. रेंज तशीही नव्हती. शेकोटीशी चहा, कणीस, परत चहा, सगळं माझ्या वीसच्या नोटांवर. पैज तो तिथेच हरला, पण त्या क्षणी आम्हा दोघांनाही तिची आठवण नव्हती.

कारण बुध्ये, म्हणजे होळीत नाचणारे, आले होते. अंगभर राखेच्या पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी, डोक्यावर मोरपिसांचे उंच टोप, कमरेला वाळलेले दुधी भोपळे आणि घुंगरं. एक फळी नाचत निघाली की भोपळ्यांचा तो पोकळ, लाकडी खडखडाट ढोलाच्या आधी कानाला लागतो. होळीचा बांबू केवढा लांब, आणि त्याचा खड्डा हाताने खणलेला. पहाटे तो पेटला तेव्हा डोंगराच्या कडा दिसायला लागल्या होत्या. एका बुध्याने भाच्यासमोर येऊन फगवा, म्हणजे होळीची बक्षिसी, मागितला. भाच्याने सवयीने खिशाला हात लावला, मग माझ्याकडे बघितलं. मी पन्नास दिले ते त्याने दोन्ही हातांनी पुढे केले. नोटेवर राखेचं बोट उमटलं.

परतीचा दिवस

देवगोई घाट उतरून अक्कलकुव्याला आलो, एका टपरीवर फोन चार्जिंगला लावला आणि तो पाच मिनिटं नुसता वाजत होता. त्यात बँकेचा मेसेज: १८० रुपये परत जमा. तोही नियमात, वेळेवर.

"म्हणजे त्या ताईंना मिळालेच नाहीत," भाचा म्हणाला.

पुन्हा पाठवायचे तर तो व्यवहार फोनमध्ये होताच, एक बटण दाबलं की सुरतेला पोचले असते. त्याने दाबलं नाही. "सुरतेला नको," म्हणाला. नंदुरबारला न जाता आम्ही तळोद्यावरून शहाद्याला वाकडी वाट केली, त्यात पुढची गाडी चुकली. स्टँडबाहेर म्हसावद-तोरणमाळच्या क्रुझर लागतात. तिसऱ्या ड्रायव्हरला ते हॉटेल माहीत होतं. "दगडावर फोन ठेवतात त्या ना?"

मी दोनशेची नोट दिली. भाच्याने कागद मागून घेतला, त्यावर काहीतरी लिहिलं, नोट त्यात घडी घालून दिली. ड्रायव्हरने ती वरच्या आरशामागे खोचली, जिथे आधीच दोन तशाच चिठ्ठ्या होत्या, आणि विचारलं, "वीस परत आणू का?"